शेऱ्याचा रकाना

अहो,

सुरुवात तुमच्या नावानं करावी म्हणून दोनदा लिहिलं आणि खोडलं. सव्वीस वर्षांत तुमचं नाव मी उखाण्यात आणि बँकेच्या फॉर्मवर सोडून कुठे घेतलेलं नाही. आता पत्रात घेतलं तर तुम्हीच मागे वळून बघाल, ही कोणाला लिहितेय म्हणून. तेव्हा अहोच बरं.

समोर बसून बोलता आलं असतं, हे मला कळतं. पण मी 'जरा बसा, बोलायचंय' म्हटलं की तुम्हाला पाण्याची मोटर आठवते. म्हणून हे मासिकाला पाठवतेय. छापून आलं की चारचौघं तुम्हाला विचारतील, मग वाचावंच लागेल.

गेल्या आठवड्यात कपाट आवरताना माझ्या रिपोर्टांच्या पिशवीत एक वही सापडली. निळ्या पुठ्ठ्याची, दोनशे पानी. वाटलं ऑफिसची असेल. उघडली तर पानापानावर पट्टीनं रकाने आखलेले. तारीख, वेळ, ताप, पाणी, उलटी, जुलाब, गोळ्या आणि शेवटी शेरा. तुमच्या वीज उपकेंद्रावर दर तासाला व्होल्टेज, अँपिअर आणि ट्रान्सफॉर्मरच्या तेलाचं तापमान लिहिणारी लॉगशीट असते ना, थेट तशीच. पहिल्या पानावर वर लाल शाईत चौकट: '१००.४ च्या वर ताप = लगेच हॉस्पिटल, थांबायचं नाही.' जणू मी एखादा फीडर आहे आणि हे माझं ट्रिप सेटिंग. मला आधी हसूच आलं.

मग शेऱ्याचा रकाना वाचत गेले. 'ठीक.' 'ठीक.' 'अर्धी भाकरी.' 'चिडली.' 'ठीक.' 'जास्त चिडली.' आणि मधूनमधून, दिवसभराच्या नोंदींच्या खाली, बारीक अक्षरात: 'रात्री ३.१०. झोपेत. श्वास चालू.' पुढच्या रात्री २.४०. त्याच्या पुढच्या रात्री पुन्हा तीनच्या सुमाराला. सप्टेंबर २०२३ पासून थेट फेब्रुवारीपर्यंत. मी मोजल्या नाहीत. मोजवल्या नाहीत.

दिवाणावर झोपत होतात ना तुम्ही तेव्हा? त्याच्याकडे येतेच.

त्याआधी जुलैतली ती संध्याकाळ. सोनोग्राफीच्या वेळी डॉक्टरांनी मला बाहेर बसवून 'मिस्टरांना आत पाठवा' म्हटलं होतं, तो राग माझ्या मनात अजून आहे. गाठ माझी आणि बोलणं तुमच्याशी! पण त्या दारातून बाहेर येताना तुमच्या चेहऱ्याचं काय झालं असेल, याचा विचार मी तेव्हा केला नाही. तुम्ही म्हणालात, 'चहा घेऊया.' बायोप्सीचा रिपोर्ट आणायला चार दिवसांनी एकटेच गेलात आणि रिकाम्या हातानं आलात. म्हणालात, उद्या मिळेल. रिपोर्ट स्कूटरच्या डिकीत होता. रात्री जेवण झाल्यावर तुम्ही इन्व्हर्टर ओढून काढलात आणि बॅटरीत पाणी भरायला बसलात. टॉर्च तोंडात धरून, एकेक झाकण उघडून, थेंबथेंब. पाणी आदल्याच रविवारी भरलेलं होतं, अहो. मी स्वयंपाकघराच्या दारातून बघत होते. मला तिथेच कळलं, कॅन्सर आहे. तुम्हाला वाटलं, एक रात्र मला सुखाची झोप दिलीत. मी तुम्हाला झोपल्याचं नाटक दिलं. सगळं सोंग आपण दोघांनी त्या रात्री केलं आणि सकाळी सहाला एकमेकांना चहा झाला का, असं विचारलं.

आपल्याकडे 'टाटाला नेलंय' एवढं म्हटलं तरी पुढचं कोणी विचारत नाही. आपणही परळला गेलो, दुसरं मत घ्यायला. तिथे सांगितलं, उपचार हेच, तुमच्या गावाजवळ घेतलेत तरी चालेल. त्या दोन दिवसांत मी डॉक्टरांपेक्षा जास्त नवरेच बघितले. फाइल काखेत, पाण्याची बाटली हातात, बायकोची पर्स खांद्याला. कोणी बिहारचा, कोणी बंगालचा, एक आपल्या माणचा शेतकरी. फुटपाथवर एकजण दोरीवर बायकोचा परकर वाळत घालत होता, अगदी निरखून, काठ सरळ करून. गावी त्यानं स्वतःचा रुमाल तरी धुतला असेल का? पुढे इथे केमोच्या वेळी बाहेरच्या बाकावर तुम्ही बसायचात, तिथेही तीच मंडळी. मी सलाइनच्या खुर्चीतून काचेपलीकडे बघायची. तुम्ही सगळे काय बोलता याची मला फार उत्सुकता. एकदा दार उघडं राहिलं तेव्हा ऐकू आलं. शहाळं कुठे स्वस्त मिळतं, गाडी कुठे लावायची, मेडिक्लेमवाले कुठला कागद परत मागतात. तासभर तेच. बायकोचा विषय नाही, भीतीचा तर नाहीच. २०२२ मध्ये भारतात स्तनाच्या कॅन्सरच्या सुमारे १ लाख ९२ हजार नव्या रुग्णांचा अंदाज होता. त्यातल्या कितीतरी जणींमागे असा एकेक बाक असणार, आणि त्यावर शहाळ्याचा भाव.

परळच्या त्या दवाखान्याची गोष्ट तुम्हीच मला रांगेत सांगितली होती, आठवतं? मेहरबाई टाटांना रक्ताचा कॅन्सर झाला आणि १९३१ च्या जूनमध्ये त्या गेल्या. साडी नेसून टेनिस खेळणारी बाई. मूलबाळ नव्हतं. नवऱ्यानं, दोराबजींनी, पुढच्या वर्षी तिच्या नावानं रक्ताच्या कॅन्सरच्या संशोधनासाठी ट्रस्ट केला, स्वतःची बाकी मालमत्ताही दुसऱ्या एका ट्रस्टच्या हवाली केली. मग तिच्या समाधीकडे म्हणून इंग्लंडला निघाले आणि वाटेत जर्मनीत गेले. ३ जून १९३२. तिच्यानंतर वर्षसुद्धा पुरं झालं नव्हतं. त्या दुसऱ्या ट्रस्टच्या पैशातून १९४१ ला हे हॉस्पिटल उभं राहिलं. तुम्ही हे सगळं तारखांसकट सांगत होतात, कुठल्याशा दिवाळी अंकात वाचलेलं, आणि मी आपली 'हं, हं' करत नंबर कधी लागतो ते बघत होते. आता वाटतं, तुम्ही मला इतिहास सांगत नव्हतात. बायको गेल्यावर नवऱ्याचं काय होतं, हे तुम्ही मला तुमच्या पद्धतीनं सांगत होतात आणि मी ऐकलं नाही.

आता दिवाण.

ऑपरेशन होऊन घरी आले तेव्हा काखेतून नळी आणि तिला लावलेला प्लॅस्टिकचा डबा होता. सकाळी सातला तुम्ही हात धुऊन यायचात, डब्यातलं पाणी मापाच्या ग्लासात ओतायचात, ग्लास डोळ्यांच्या रेषेत धरून बघायचात आणि ओरडून सांगायचात, 'नव्वद मिली!' जसं काही मी पलीकडच्या गावात आहे. मग सत्तर, पन्नास. तीसच्या खाली आलं की नळी निघणार होती. माप चुकलं नाही तुमचं एकदाही. पण त्या पंधरा दिवसांत तुमची नजर डब्याच्या वर गेली नाही. पट्टी बदलताना तुम्ही खिडकीतून बाहेर बघायचात. आंब्याच्या झाडावर काय होतं एवढं, ऑगस्टमध्ये? आणि नळी काढल्याच्या रात्री उशी उचलून हॉलमध्ये दिवाणावर गेलात. 'तुला मोकळं झोपता येईल.'

त्याच सुमाराला मोबाइलवर मी एक वाचलं होतं. २००९ मध्ये अमेरिकेत ५१५ रुग्णांचा अभ्यास छापून आला होता. मेंदूचे ट्यूमर, इतर कॅन्सर, मल्टिपल स्क्लेरोसिस असे गंभीर आजार. आजारी नवरा असेल तर शंभरातली जेमतेम तीन लग्नं मोडली. आजारी बायको असेल तर शंभरातली एकवीस. तिकडची घटस्फोटाची रीत वेगळी, आपल्याकडे बायकोला सोडायचं तर नवऱ्याला घरही सोडावं लागत नाही, दिवाण पुरतो. हे वाक्य मी तेव्हा मनात म्हटलं होतं, तसंच लिहिते. मी तुमच्यावर पाळत ठेवली, अहो. फोनवर हळू बोललात की कान द्यायची. शेजारच्या वहिनी 'भाग्यवान आहेस हो, किती करतात तुझं' म्हणाल्या की हसायची आणि आत म्हणायची, एकवीस. तसं त्या कौतुकाचाही मला राग यायचाच. मामंजींना अर्धांगवायू झाला तेव्हा सासूबाईंनी अकरा वर्षं त्यांचं सगळं केलं, त्यांना कोणी भाग्यवान म्हटलेलं मी ऐकलं नाही. मामंजींनाही नाही. बायकोनं केलं तर ते घरचं काम आणि नवऱ्यानं केलं तर ते दर्शन, लोक हात जोडून बघायला येतात.

एवढं सगळं डोक्यात घेऊन मी झोपायची, आणि तुम्ही रात्री तीनला उठून दारात उभं राहून माझी छाती वरखाली होते का बघत होतात. उरलेली छाती.

हे लिहिलं नसतं तरी चाललं असतं. पण आपल्या घरात तो शब्दच कोणी उच्चारत नाही. 'ऑपरेशनची बाजू' म्हणतो आपण. डॉक्टरांनी हाताचे व्यायाम सांगितले, त्या हातावर बीपी घ्यायचा नाही हे सांगितलं, लिंबू खायचं का नाही हेसुद्धा सांगितलं. नवराबायकोंनी जवळ कधी यायचं, यायचं की नाही, हे कोणी सांगितलं नाही आणि विचारायची आपल्या दोघांची छाती नव्हती. बघा, पुन्हा तोच शब्द. एप्रिलमध्ये, किरणोपचार संपल्यावर, मी एकदाचं विचारलं की तुम्हाला किळस येते का. तुम्ही इतके दचकलात की हातातली कात्री पडली. मग म्हणालात, 'झोपेत माझा हात पडेल म्हणून गेलो बाहेर. मी हात टाकून झोपतो, तुला माहीत आहे.' तेहतीस हजार व्होल्टच्या लाइनखाली उभं राहणाऱ्या माणसाला स्वतःच्या हाताची भीती. आठ महिने मी एक अर्थ लावला होता आणि तुम्ही दुसरा, आणि मध्ये फक्त एक भिंत होती, तीही साडेचार इंची.

फोडणीचंही तसंच. केमोच्या लाल औषधाचे चार डोस चालू असताना मला मोहरी तडतडल्याचा आवाज आला तरी पोटात ढवळायचं. तुम्ही सासूबाईंना सांगून टाकलंत, घरात फोडणी बंद. पाच महिने तुम्ही उकडलेली भाजी आणि मुगाचं वरण खाल्लंत, ताट उचलताना 'छान झालंय' म्हणत. मग एके दिवशी बहिणीबरोबर टोपी आणायला गेले होते, डोकं झाकायची. रिक्षा पोवई नाक्यावर अडकली आणि पलीकडे हातगाडीशी तुम्ही दिसलात. रस्त्याकडे पाठ करून वडापाव खात होतात. मान खाली घालून, घाईघाईनं, शाळा बुडवलेल्या पोरासारखे. हिरवी मिरची मागून घेतलीत आणखी एक. बहीण हाक मारणार होती, मी तिचा हात दाबला. घरी आल्यावर तुम्ही सरळ मोरीत गेलात, दात घासलेत, शर्ट बदललात, मग माझ्या खोलीत आलात आणि विचारलंत, 'टोपी मिळाली का?'

तेव्हा मला प्रेम वाटलं म्हणून लिहिणार होते. खरं म्हणजे तुमचा राग आला. आपल्या घरात मी एकटी आजारी होते, आणि तुम्ही वडापावसुद्धा चोरून खाणारा माणूस होऊन बसला होतात. त्याआधी इतकी वर्षं आपण भाजीत मीठ किती यावरून भांडलोय. आजार आल्यापासून तुम्ही माझ्याशी भांडेनासे झालात. मी ताट सरकवलं तरी 'बरं' म्हणायचात. मी तुमच्या आईला बोलले तरी 'बरं'. वहीत नुसती नोंद: चिडली. मला तेव्हा कोणी उलट बोललं असतं तर बरं वाटलं असतं. उलट बोलतात ते जिवंत माणसाला.

आणि परमिटची गोष्ट तुम्ही माझ्यापासून लपवलीत. गेल्या दिवाळीला तुमचे ऑपरेटर फराळाला आले होते, त्यांच्या तोंडून निघून गेलं. तुम्ही मागच्या खोलीत होतात. माझ्या दुसऱ्या केमोनंतरचा आठवडा, रात्री वादळ झालं, लाइनवर झाड पडलं. लाइनमन खांबावर होता. तुम्ही फोनवरून फीडर चालू करायला सांगितलंत. ऑपरेटर म्हणाला, 'साहेब, परमिट परत आलेलं नाही,' म्हणजे माणूस अजून लाइनवर आहे. तुम्ही म्हणालात आलंय. तो म्हणाला नाही आलं. त्यानं ऐकलं नाही म्हणून एका घरचा माणूस दुसऱ्या दिवशी सकाळी जेवायला घरी गेला. तुमच्या तीस वर्षांच्या नोकरीत परमिटावाचून लाइन चालू करा, असं तुमच्या तोंडून कधी निघालं नव्हतं. त्या रात्री घरी येऊन वहीत काय लिहिलंत ते मी आता शोधून बघितलं. ताप ९८.६. पाणी अडीच लिटर. शेरा: ठीक.

ऑफिसात सगळे विचारायचे, 'वहिनी कशा आहेत?' वहिनी बऱ्या होत्या. पांढऱ्या पेशी वाढवायचं इंजेक्शन वहिनींच्या पोटाला तुम्हीच द्यायचात, फ्रिजमधून काढून, तळहातात धरून कोमट करून, हात थरथरत. वहिनींची नोंद दर दोन तासांनी होत होती. साहेब कसे आहेत, हे कोणी कोणाला विचारलं? मीही नाही. डेन्मार्कमध्ये हे मोजलं आहे. ज्यांच्या बायकांना स्तनाचा कॅन्सर झाला अशा वीस हजारांवर पुरुषांना त्यांनी तेरा वर्षं तपासलं. नैराश्यासारख्या आजारानं हॉस्पिटलात दाखल व्हायची वेळ त्यांच्यावर इतर पुरुषांपेक्षा ३९ टक्के जास्त येत होती. आकडा म्हणून तो फार मोठा नाही, दाखल झालेले मोजकेच होते. पण दाखल होण्याइतकं ज्यांचं बिघडलं तेवढेच त्यात आलेत. ज्यांनी बॅटरीत पाणी भरलं ते त्यात नाहीत.

माझी गोळी अजून काही वर्षं चालेल. रात्री अंगातून वाफा निघतात, पंखा पाचवर करते, तुम्ही चादर डोक्यावरून घेता. हो, आतल्या खोलीत. दिवाणावर आता लेकीचा लॅपटॉप आणि इस्त्रीचे कपडे असतात. तपासणी सहा महिन्यांनी. जायच्या आदल्या रात्री तुम्ही अजूनही काहीतरी दुरुस्त करायला काढता. मागच्या वेळी मिक्सर होता. चांगला चालणारा.

वहीची बरीच पानं कोरी राहिली होती. मी त्यातलं एक घेतलंय. रकाने आखले, तुमच्याइतके सरळ आले नाहीत. तारीख, बीपी, साखर, झोप, शेरा. परवा वरच्या मजल्यावरच्या नर्सबाईंना बोलावून तुमचा बीपी घेतला ना, तीच पहिली नोंद आहे. १६२/९८. शेरा: 'विचारलं तर म्हणाले, जिना चढून आलोय. जिना उतरून आले होते.' दोन वर्षांत तुम्ही माझ्या रक्ताचे पन्नासेक रिपोर्ट आणलेत. तुमचा एकही नाही. मामंजींचं काय झालं होतं ते तुम्हाला मी सांगायला नको.

मंगळवारी सकाळी सातला लॅबचा मुलगा रक्त न्यायला येणार आहे. मी नाव सांगून ठेवलंय, तुमचं, पूर्ण. बारा तास उपाशी राहायचं, चहासुद्धा नाही. सोमवारी रात्री तुम्हाला झोप येणार नाही, मला माहीत आहे. इन्व्हर्टर ओढू नका. पाणी मी भरून ठेवलंय.

तुमची,
अगं